सगळं नंबरला बांधलंत, मग परदेशात तो नंबर चालू ठेवायचा कुणी?

प्रति,
दूरसंचार विभाग, नवी दिल्ली
ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण), नवी दिल्ली
आणि देशातल्या झाडून सगळ्या मोबाईल कंपन्या

विषय: परदेशात गेलेल्या माणसाचं सिम, डेटा आणि ओटीपी

सप्रेम नमस्कार,

मी डोंबिवलीची. ग्रुप टूर घेऊन परदेशात जाते, टूर मॅनेजर म्हणून. युरोप, दुबई, सिंगापूर, थायलंड, जिथे कंपनी पाठवेल तिथे. माझे प्रवासी बहुतेक साठीच्या पुढचे, सातारा, नाशिक, अकोला, चिपळूण, ठाणे अशा गावांतले, आयुष्यात पहिल्यांदाच परदेशात आलेले. पूर्वी विमानतळाबाहेर पडलं की पहिला प्रश्न असायचा जेवण कधी आणि व्हेज आहे ना. आता पहिला प्रश्न असतो, "ताई, माझं नेट का येत नाहीये?" आणि हे विचारताना फोन माझ्या हातात दिलेला असतो, लॉक उघडून, बँकेचं ॲप समोर, म्हणजे बघा किती विश्वास आणि किती लाचारी.

कंपन्यांच्या कस्टमर केअरला मी रीतसर तक्रारी केल्यात. तक्रार क्रमांक मिळतो, दोन दिवसांनी "आपकी शिकायत का समाधान कर दिया गया है" असा मेसेज येतो आणि समाधान नक्की काय झालं ते मला सोडून सगळ्यांना माहीत असतं. ट्रायला लिहायला गेलं तर तिथे आधीच लिहिलेलं असतं की एकेकट्या ग्राहकाची तक्रार ट्राय घेत नाही, आधी कंपनीकडे जा, मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. ग्राहक न्यायालयाचा रस्ता मोकळा आहे असं सुप्रीम कोर्टाने 2022 साली सांगितलं खरं, पण दहा दिवसांच्या टूरमधल्या डेटा पॅकसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

निमित्त तुमच्याच एका आदेशाचं. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल वगैरे मेसेजिंग ॲप्सना सांगितलं की ज्या नंबरने खातं उघडलंय ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चाललं पाहिजे. सायबर फसवणूक थांबवायला. ह्यालाच सिम-बाइंडिंग म्हणतात. हेतू चांगला आहे, आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनाही डिजिटल अरेस्टवाल्यांनी दिवसभर कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं होतं, त्यामुळे फसवणूक किरकोळ आहे असं मी म्हणणार नाही. तुम्ही खुलासाही केलात की माणूस रोमिंगवर असेल आणि सिम फोनमध्ये असेल तर काही अडचण नाही.

अहो, पण सगळी अडचण तिथेच तर आहे. सिम फोनमध्ये नसतं!

ते का नसतं ते सांगते. पॅरिसला उतरलो की निम्मे लोक तिथलं लोकल सिम घेतात, कारण दहा दिवसांत चार देश फिरायचे तर एका लोकल सिममध्ये डेटा भरपूर मिळतो आणि आपल्याकडच्या रोमिंग पॅकपेक्षा बऱ्याचदा स्वस्तात. पण काकूंचा फोन मुलाने वापरून दिलेला, एकाच सिमचा, किंवा दोन स्लॉटवाला असला तरी दुसऱ्या स्लॉटात मेमरी कार्ड, त्यात नातवंडांचे फोटो. मग हॉटेलच्या लॉबीत सोफ्यावर बसून कार्यक्रम सुरू होतो. ट्रे उघडायची पिन कुणाकडेच नसते. एक काकू कानातल्या कुडीची तार वापरतात. भारतीय सिम बाहेर येतं, नखाएवढं, ते कुठे ठेवायचं? एकीने टिकल्यांच्या पाकिटात चिकटवलं, एकाने पासपोर्टच्या कव्हरात सेलोटेप लावून ठेवलं, एका काकांनी पाकिटात सुट्टं टाकलं आणि नंतर रोमच्या हॉटेलात चिल्लर मोजताना ते मिळालं, नशीब. हे जे टिकल्यांच्या पाकिटात बसलंय ना, त्याच्यावर त्या काकूंची पेन्शन, एफडी, गॅस बुकिंग, आधार, डिमॅट, सगळं लटकलेलं आहे. आणि आता व्हॉट्सॲपही. म्हणजे लोकल सिम टाकलं की मुलीला "पोचले" म्हणून कळवायचं ते ॲपही बंद पडायचं, आणि परदेशात आपल्या लोकांना दुसरं काहीही येत नाही हो, फोन म्हणजे व्हॉट्सॲप.

आदेश काढताना समोर सायबर चोर होता, ते समजू शकते. टिकल्यांच्या पाकिटवाली काकू होती का?

आता बँकेचं. सिम काढलं की बऱ्याच बँकांची ॲप्स लॉगआउट होतात आणि पुन्हा चालू करायला त्याच नंबरवरून एक एसएमएस बँकेला पाठवायला सांगतात. येणारा नाही, जाणारा एसएमएस. परदेशातून. प्रीपेडमध्ये टॉकटाइम शून्य, कारण आपल्याकडे आता टॉकटाइम कोण भरतं, सगळे महिन्याचा पॅक मारतात. एसएमएस जात नाही, ॲप उघडत नाही. आणि ॲप का लागतं? कारण रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमाने नवीन कार्डावर परदेशातला वापर आधीच बंद ठेवलेला असतो, तो ग्राहकाने स्वतः ॲपमधून चालू करायचा. नियम उत्तम आहे, त्याने चोऱ्या नक्की थांबल्या असतील. पण स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या दुकानात काउंटरवर चॉकलेटची टोपली ठेवून उभं असताना कार्ड डिक्लाइन होतं, मागे रांग, आणि आयुष्यभर शिक्षकाची नोकरी करून पै-पै जमवलेला माणूस खाली मान घालून टोपली परत ठेवतो, हे मी बघितलंय. पैसे असून. त्यांना मी माझ्या कार्डावरून घेऊन दिलं, पण माझं कार्ड हा काही देशाच्या बँकिंग व्यवस्थेचा भाग नाही ना.

2024 च्या फेब्रुवारीत आयफेल टॉवरचं तिकीट यूपीआयने काढता येईल अशी बातमी आली, सगळ्या ग्रुपवर फिरली, मलाही अभिमान वाटला. त्यानंतरच्या टूरला एका काकांनी हौसेने टॉवरखाली उभं राहून यूपीआय उघडलं. गोल गोल चक्र फिरत राहिलं. नेट कुठे होतं?

आणि कुणी म्हणेल फुकट वायफाय घ्या. युरोपात काही विमानतळांवर आणि स्टेशनांवर फुकट वायफायलासुद्धा मोबाईल नंबर टाकावा लागतो आणि त्यावर कोड येतो. कोड यायला नंबर चालू पाहिजे. नंबर चालू करायला नेट पाहिजे. कंपनीच्या ॲपमधूनच रोमिंग पॅक घ्या म्हणतात, ते ॲप नेटशिवाय उघडत नाही. इथून फिरवायचा तो कस्टमर केअरचा छोटा नंबर परदेशातून लागत नाही, रोमिंगसाठी वेगळा लांबलचक नंबर असतो, तो वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात. बरं, तो मी आता पाठ करून ठेवलाय, पण लागल्यावर पहिली चार मिनिटं ऑफर्स ऐकवतात.

आता पॅकबद्दल. एकेक सांगते, कारण इथे कंपन्यांनी स्वतःच नीट लक्ष द्यायला हवं.

दिवस म्हणजे काय? दहा दिवसांचा पॅक घेतला, तो पहिल्यांदा नेट लागल्यापासून मोजायचा की घेतल्यापासून? 24 तासांचा दिवस की भारतातल्या रात्री बाराला संपणारा? की त्या देशातल्या बाराला? वेगवेगळ्या कंपन्यांचं वेगवेगळं, एकाच कंपनीत दोन पॅकचं वेगळं. काऊंटरवरचा मुलगा सांगतो ते वेगळं आणि मेसेजमध्ये येतं ते वेगळं, आणि मेसेज इंग्रजीत. माझ्या प्रवाशांमध्ये इंग्रजी चांगलं येणारेही असतात, पण "अप्लिकेबल ऑन सिलेक्ट पार्टनर नेटवर्क्स ओन्ली" हे कुठल्याही भाषेत कुणाला कळणार? ते नेटवर्क कोणतं, ते फोनमध्ये हाताने कसं निवडायचं, चुकून दुसरं पकडलं तर काय होईल, हे त्या ओळीत कुठेच नसतं.

देशांची यादी हा दुसरा घोळ. युरोप टूर म्हटलं की आपल्या माणसाच्या डोक्यात एकच युरोप असतो. पण स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. पॅरिसमध्ये घेतलेलं लोकल सिम बेल्जियम, हॉलंड, जर्मनीत बिनघोर चालतं, आणि बस स्वित्झर्लंडमधल्या राईन फॉल्सला आली की काही सिमवर नेट गायब, काहींवर वेगळे पैसे. मग व्हाडुझला तासभर थांबतो तिथे परत येतं, कारण व्हाडुझ ज्याची राजधानी तो लिश्टेनस्टाइन युनियनमध्ये नसला तरी त्यांच्या रोमिंगच्या नियमात आहे. बसमध्ये मी हे माइकवरून समजावते तेव्हा लोक हसतात, म्हणतात ताई हा तर आपल्याकडच्या जकात नाक्यासारखा प्रकार झाला. हा दोष तुमचा नाही, मान्य. पण आपल्या कंपन्या पॅक विकताना "युरोप" असं मोठ्या अक्षरात लिहितात, त्याखाली देशांची पूर्ण यादी मराठीत, हिंदीत, एका पानावर द्यायला काय हरकत आहे. दुबईचंही तसंच. तिथे व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, तिथल्या सरकारने बंद ठेवलाय, मेसेज जातात पण कॉल नाही. पॅक विकणाऱ्याने हे एक वाक्य आधी सांगितलं तर अर्ध्या ग्रुपचा पहिला दिवस "फोन बिघडला" म्हणून वाया जाणार नाही. अमेरिकेत 2022 मध्ये मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं, त्यामुळे ज्याच्या फोनवर रोमिंगमध्ये फोरजीवरून कॉल जात नाही त्याला तिथे साधा कॉल घ्यायचीही मारामार. पॅक विकताना फोन कोणता आहे, एवढं तरी विचारता ना? मला आजवर कुणी विचारलेलं ऐकू आलेलं नाही.

पण सगळ्यात मोठा राग मला विमान आणि जहाजाचा आहे. लांबच्या बऱ्याच विमानांत हल्ली स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं, उपग्रहावरून चालणारं. क्रूझवर किनारा सुटला की तसंच. फोन एअरप्लेन मोडवर नसेल तर तो गुपचूप त्या नेटवर्कला चिकटतो, स्क्रीनवर वेगळंच नाव दिसतं, रात्री दोनला झोपलेला माणूस ते नाव कशाला बघेल. त्या नेटवर्कचे दर साध्या रोमिंग पॅकमध्ये धरलेले नसतात, त्याचा पॅक वेगळा. फोन मात्र आपला मागच्या मागे फोटो क्लाउडवर चढवत बसतो, ॲप अपडेट करत बसतो. माझ्या एका प्रवाशाला, पोस्टपेडवाल्यांना, घरी आल्यावर पाच आकडी बिल आलं. त्यांनी ना कॉल केला ना मेसेज, फक्त झोपले होते. कंपनी म्हणाली नेटवर्क वापरलं गेलंय, सिस्टीममध्ये दिसतंय. दिसत असणारच. पण ते चालू असताना सिस्टीमला दिसत नव्हतं का? इथे भारतात दिवसाचा अर्धा डेटा संपला की मेसेज येतो, नव्वद टक्क्याला येतो, संपल्यावर लगेच नवीन पॅक घ्या म्हणून येतो. हजारो रुपये चालले होते तेव्हा एकही मेसेज नाही? शेवटी त्यांनी बिल भरलं, कारण नाही भरलं तर नंबर बंद, आणि नंबर बंद म्हणजे काय ते वर लिहिलंच आहे.

आता ज्यांची टूर दहा दिवसांची नसते त्यांचं. माझ्या ओळखीत दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी अमेरिकेला मुलीच्या बाळंतपणाला गेलेलं असतं. व्हिजिटर व्हिसावर सहसा सहा महिने मिळतात. तिकडे जावयाच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवून घेतात, डेटाचा प्रश्न मिटतो. पण भारतातल्या नंबरवर फक्त ओटीपी हवा असतो. महावितरणचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, एफडी रिन्यू, एवढंच. त्यासाठी तो नंबर जिवंत ठेवायचा म्हणजे इथला रिचार्ज चालू पाहिजे, शिवाय रोमिंग चालू पाहिजे, आणि प्रीपेडवर ते चालू व्हायला बऱ्याच वेळा कुठला ना कुठला महाग रोमिंग पॅकच मारायला लागतो. येणारा एसएमएस फुकट आहे असं वेबसाइटवर लिहिलेलं असतं, पण फुकट एसएमएसच्या दारापर्यंत पोचायलाच पैसे लागतात.

ट्रायने 2013 मध्ये नियम केला की 90 दिवस काहीच वापर नसल्याशिवाय प्रीपेड नंबर काढून घ्यायचा नाही, आणि खात्यात 20 रुपये असतील तर तो राहू द्यायचा. हा नियम खरंच चांगला आहे, मी कित्येकांना सांगते. पण नंबर "काढून न घेणं" आणि त्यावर ओटीपी येणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हॅलिडिटी संपली की नंबर तुमच्या नावावर असतो, फक्त मुका आणि बहिरा. 2024 च्या डिसेंबरमध्ये ट्रायने आणखी एक बरं काम केलं, डेटाशिवाय फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायलाच पाहिजेत आणि त्यांची मुदत 365 दिवसांपर्यंत ठेवता येईल असं सांगितलं. त्याबद्दल मनापासून आभार, आमच्या आईसाठी मी तसला पॅक शोधून घेतला, आणि शोधून म्हणते कारण कंपनीच्या ॲपमध्ये तो इतका खाली लपवलेला होता की बोट दुखलं. पण वर्षाचा घेतला तर तो हजाराच्या वर जातो आणि परदेशात ओटीपी येण्याची हमी त्यात नाहीच.

रिझर्व्ह बँकेने 2025 च्या सप्टेंबरमध्ये नवीन निर्देश काढले, 1 एप्रिल 2026 पासूनचे, की पैशाच्या व्यवहाराला एसएमएस ओटीपीच हवा असं नाही, दुसरे सुरक्षित मार्गही चालतील. छान. पण मार्ग चालतील म्हणणं वेगळं आणि अकोल्याच्या सहकारी बँकेने तो मार्ग प्रत्यक्षात देणं वेगळं. तोवर एसएमएसच.

मग परदेशी सिम किंवा ई-सिम (कार्ड नसलेलं, फोनमध्येच उतरवायचं सिम) इथूनच घेऊन जावं ना? परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची एनओसी लागते. 2024 च्या जानेवारीत विभागाच्या सांगण्यावरून एअरालो आणि होलाफ्लाय ही ई-सिमची दोन नावाजलेली ॲप्स भारतातल्या ॲप स्टोअरमधून काढली गेली, एनओसी नव्हती म्हणून, आणि त्या सिमचा गैरवापर होतोय म्हणून. ठीक आहे, कायदा सगळ्यांना सारखा. पण बंद करणाऱ्याने कोणाकडून घ्यायचं तेही ठळक सांगायला हवं होतं. आज प्रवाशाला काय दिसतं, तर इन्स्टाग्रामवर कुणीतरी "युरोप ई-सिम अनलिमिटेड" म्हणून जाहिरात करतो, यूपीआयने पैसे घेतो, व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवतो. तो क्यूआर कोड ज्या फोनवर आला त्याच फोनने स्कॅन कसा करायचा इथून सुरुवात. वरून ते चढवायलाही नेट लागतं आणि साठीतला माणूस ते चुकून डिलीट करतो, आणि तोच कोड दुसऱ्यांदा चालेलच असं नाही. एनओसी असलेल्या विक्रेत्यांची यादी आम्हाला एका क्लिकवर मिळेल अशी ठेवा, त्यांचे दर शेजारी शेजारी दिसू द्या, एवढंच मागणं आहे.

कंपन्या म्हणतील, रोमिंगचे दर आमच्या हातात नाहीत, तिकडची कंपनी आम्हाला घाऊक दर लावते. हे खरं आहे आणि मला ते कळतं. युरोपियन युनियनने 15 जून 2017 पासून आपल्या सगळ्या देशांत रोमिंग घरच्याच दरात केलं आणि आता तो कायदा 2032 पर्यंत वाढवलाय, पण त्यासाठी त्यांनी घाऊक दरालाच लगाम घातला, 2022 मध्ये एका जीबीला जास्तीत जास्त 2 युरो, तो दरवर्षी कमी होत 2027 मध्ये 1 युरोवर येणार. दिल्लीत बसून फ्रान्सच्या कंपनीला कुणी दर ठरवून देऊ शकत नाही, हेही कबूल. पण त्याच युरोपने 2010 पासून दुसरीही एक गोष्ट केली, ती आपल्याला आज दुपारी करता येण्यासारखी आहे. ग्राहकाने स्वतःहून वेगळं सांगितलं नसेल तर महिन्याला 50 युरो झाले की डेटा आपोआप बंद. आधी इशारा, मग बंद. पुढे विमान आणि जहाजाच्या नेटवर्कसाठीही ग्राहकाला सावध करायची जबाबदारी कंपनीवर टाकली. ह्याला कुठल्या परदेशी कंपनीची परवानगी लागत नाही, फक्त स्वतःच्या सिस्टीममध्ये एक मर्यादा टाकायची. ट्रायने 2020 च्या मे महिन्यात आंतरराष्ट्रीय रोमिंगवर कन्सल्टेशन पेपर काढला होता, त्यात बिल शॉकबद्दल, म्हणजे अचानक येणाऱ्या भल्यामोठ्या बिलाबद्दल, विचारणा होती, म्हणजे प्रश्न तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या प्रवाशांच्या फोनवर मात्र त्यातून काय उतरलं ते मला अजून दिसलेलं नाही.

तर मागण्या अशा.

1) भारतीय नंबर परदेशात फक्त येणाऱ्या एसएमएससाठी चालू ठेवायचा एक वेगळा, स्वस्त, सहा महिन्यांचा पर्याय प्रत्येक कंपनीने दिलाच पाहिजे. डेटा नको, कॉल नको. बँकेच्या पडताळणीचा जाणारा एसएमएसही त्यातच धरा.

2) डेटा रोमिंगवर आधीपासूनच रुपयांची मर्यादा असावी, ग्राहकाने वाढवली तरच वाढेल. मर्यादा गाठली की नेट बंद, नंबर चालू.

3) विमान आणि जहाजाचं नेटवर्क सगळ्यांसाठी मुळातच बंद. ज्याला हवं तो मागून घेईल.

4) परदेशात उतरल्यावर येणारा स्वागताचा मेसेज ग्राहकाच्या भाषेत, आणि त्यात चारच गोष्टी: तुमचा पॅक चालू आहे की नाही, दिवस कधी संपतो, कोणतं नेटवर्क निवडायचं, आणि अडचण आली तर कोणता नंबर फुकट लागतो. ऑफर नको.

5) सिम-बाइंडिंगच्या आदेशात प्रवाशासाठी सोय करा. जाण्याआधी विभागाच्याच संचार साथी पोर्टलवर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये तारखा टाकल्या की तेवढ्या दिवसांपुरतं सिम फोनबाहेर असलं तरी व्हॉट्सॲप त्याच फोनवर चालावं. तारखा संपल्या की पुन्हा कडक. चोराला यातून फार काही मिळेल असं मला वाटत नाही, पण सुरक्षेतलं तुम्हाला जास्त कळतं, दुसरा चांगला मार्ग असेल तर तो काढा, काहीतरी काढा मात्र.

6) एनओसीवाल्या सिम आणि ई-सिम विक्रेत्यांची यादी विभागाच्या वेबसाइटवर, दरांसकट, मराठीतही.

7) दर देशाच्या नावासमोर, पॅक विकताना, तिथे काय चालणार नाही ते लिहायचं. दुबईत व्हॉट्सॲप कॉल नाही, अमेरिकेत जुना हँडसेट नाही, असं. आणि हे लिहिताना "अटी लागू" म्हणून मोकळं व्हायचं नाही.

यातल्या पहिल्या चार गोष्टींना दुसऱ्या देशाशी करार लागत नाही, नवीन कायदाही लागत नाही, ट्रायच्या एका निर्देशात होतील. दर कमी करायचं काम लांबचं आहे, त्याची सुरुवात ज्या देशांत आपले लोक सगळ्यात जास्त जातात त्यांच्याशी बोलून करा, आखातापासून करा, सिंगापूरपासून करा, यूपीआयसाठी बोलता तसं रोमिंगसाठीही बोला.

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या टूर्सची बुकिंग सुरू झालीत. प्रवासाआधीच्या मीटिंगमध्ये आम्ही एक छापील कागद देतो, थंडीचे कपडे, औषधांची चिठ्ठी, सिम आणि रोमिंगचं काय करायचं ते. सिमचा भाग दरवर्षी लांबत चाललाय, आता तो पासपोर्ट-व्हिसाच्या भागापेक्षा मोठा झालाय. एप्रिलच्या आत तुमच्याकडून काही ठोस आलं तर मी तो भाग नव्याने लिहून घेईन आणि मीटिंगमध्ये तुमचं नाव घेऊन सांगेन.

कळावे,
एक टूर मॅनेजर
डोंबिवली